डाव्या पंखाची शिवण

रूआं, ३ मे १९३६

प्रिय फिलोमेनमावशी,

उभी असशील तर आधी बस, मग पुढचं वाच. मी विमान घेतलं.

अख्खं नाही, अर्धं. उरलेलं अर्धं ज्युस्तीनचं. औषधाच्या दुकानातली माझी मैत्रीण, जिच्या हसण्याने गेल्या नाताळात तुझी मांजर दोन दिवस माळ्यावर जाऊन बसली होती, तीच. विमान नवं नाही, आमच्याआधी दोघांनी वापरलंय, पण ठणठणीत आहे. वर एक पंख, खाली एक पंख. पुढे एक खुर्ची, मागे एक, डोक्यावर आभाळ. सगळा सांगाडा लाकडाचा आणि त्यावर ताणून शिवलेलं लिननचं कापड. सामानाला जागा म्हणशील तर एक पिशवी आणि एक छत्री. पंख मागे दुमडले की तुझ्या सफरचंदांच्या कोठारातसुद्धा मावेल. घाबरू नकोस, तिथे आणून ठेवणार नाही.

शाळेत बातमी पोचली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मादमोआझेल लमारिए, आधी फळा पुसा, मग उडा." बाकी काही बोलल्या नाहीत, म्हणजे खूश असाव्यात.

आता मुद्द्याचं. १७ तारखेला आमच्या उड्डाण क्लबात विमानाचा बाप्तिस्मा आहे. पाद्रीबाबा पाणी शिंपडणार, शँपेनची बाटली फुटणार, साखरेत घोळवलेले बदाम वाटणार. विमानाला धर्ममाता लागते आणि ती तूच व्हायचीस. आई गेल्यापासून मला माझं म्हणावं असं तूच एक माणूस आहेस. नाही म्हणू नकोस.

तुझी
ओदिल

•

मेनिल-तिबेर, ७ मे

प्रिय ओदिल,

पत्र गोठ्याच्या दारात उभ्यानेच वाचलं. तुझं ऐकून बसले असते तर शेणात बसले असते.

अभिनंदन. पोरी, तू लहानपणी कोंबड्यांच्या खुराड्यावरून छत्री घेऊन उडी मारलीस तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं होतं, हिला जमिनीचा कंटाळा आहे.

पण १७ ला मला जमणार नाही. दोन गाई विणार आहेत. आपल्या फिर्मँ गड्याची कंबर धरली आहे, म्हणजे चीज उलटायचं, मीठ लावायचं, सगळं माझ्यावर. शिवाय माझ्याकडे तसल्या समारंभाची टोपी नाही. शहरातली एखादी बाई बघ, जिला भाषण करता येतं. माझे आशीर्वाद आहेतच, ते पोस्टाने येतात.

चीज पाठवते आहे. ज्युस्तीनला कमी दे, ती आधीच फार हसते.

तुझी मावशी
फिलोमेन

•

रूआं, १९ मे

प्रिय मावशी,

तुझी गाय विली का? दोन्ही विल्या? टोपीचं कारण वाचून मला रडू आलं, हे सांगूनच टाकते. तुझ्या त्या काळ्या टोपीत तू मंत्र्याच्या लग्नाला जाऊन आली आहेस.

तू आली नाहीस म्हणून नगराध्यक्षांच्या पत्नीने धर्ममाता होण्याचं मनावर घेतलं. बाटली तीनदा आपटली, फुटली नाही. चौथ्यांदा आमचा मेकॅनिक केनेल पुढे झाला आणि त्याने पान्याने फोडली. सगळी शँपेन पाद्रीबाबांच्या झग्यावर. नाव ठेवलं 'मारी-आंज'. ज्युस्तीन म्हणते हे नाव विमानाला कमी आणि अनाथाश्रमाला जास्त शोभतं. बदामांची डबी सोबत पाठवते.

मावशी, खरं सांग. बाईने उडणं तुला पाप वाटतं का? की लग्न करायच्या वयात मी हे धंदे करते म्हणून राग आहे? तसं असेल तर तोंडावर बोल. तू मला कधी आडून बोललेली नाहीस.

मी पेंटेकॉस्टच्या सणाला, ३१ तारखेला, तुझ्याकडे येते आहे, मारी-आंजला घेऊन. ओढ्याकाठचं कुरण सपाट आहे ना? मधोमध पांढरी चादर पसर, म्हणजे मला वरून दिसेल. ज्युस्तीनला दुकान आहे, ती येणार नाही. ऑगस्टमध्ये मात्र आम्ही दोघी लांब जाणार आहोत: दक्षिणेला नीसपर्यंत, आणि २ ऑगस्टला तिथून समुद्रावरून कोर्सिकाला. दोन-सव्वादोन तास खाली नुसतं पाणी. क्लबातली दोनच विमानं आजवर गेली आहेत. तिसरं आमचं असेल.

ओदिल

•

मेनिल-तिबेर, २४ मे

ओदिल,

दोन्ही विल्या. एक कालवड, एक गोऱ्हा.

पाप-बिप काही नाही. पाद्रीबाबांना चालतं तर मला न चालायला मी कोण? लग्नाचं म्हणशील तर माझ्या मार्सेलसारखा माणूस मिळाला तर कर, नाही तर विमान बरं. विमान जेवायला मागत नाही.

चादर पसरते. गाई वरच्या कुरणात नेऊ. फिर्मँला सांगितलं आहे, आणि तो ऐकलं असं म्हणाला आहे, म्हणजे मलाच जाऊन बघावं लागेल.

समुद्रावरून जायलाच हवं का? जमिनीवरून इतका फ्रान्स पडला आहे. त्याचे पंख कोणी तपासले? कापड किती जुनं आहे? शिवण कोणी पाहिली?

ससा मारते आहे. उपाशी ये.

मावशी

•

रूआं, १५ जून

प्रिय मावशी,

दहा दिवस झाले तरी तुझ्या दुशेस गाईचं नाव काढलं की क्लबात अजून खसखस पिकते. मला वाटतं इतक्या वर्षांत इथे कोणाच्याही विमानाचं एवढं नाव झालं नसेल. माझं झालं ते गाईने खाल्लं म्हणून.

केनेल म्हणतो, कापड ताठ राहावं म्हणून त्यावर जे रोगण लावतात त्याचा वास गाईंना वेड लावतो, हे प्रत्येक वैमानिकाला माहीत असतं. मला नव्हतं. पण मावशी, चूक माझ्या एकटीची नाही, आपल्या जेवणाची आहे. सूप, मग मासा, मग ससा, मग पोटात जागा करायला सफरचंदाच्या दारूचा, काल्वादोसचा पेला, मग पुन्हा मांस, आणि फिर्मँचं ते गाणं. साडेचारला दूध काढायचं ते सहा वाजले तरी आपण टेबलावरच. आणि तुमच्या गाई पडल्या शिस्तीच्या. रोज ज्या कोपऱ्यात सफरचंदाच्या झाडाखाली त्यांचं दूध काढता, तिथे त्या आपल्या आपण कुंपण ढकलून हजर. मी नेमकं सावली बघून विमान तिथेच उभं केलेलं. बादली नाही, माणूस नाही, समोर मारी-आंज. डाव्या खालच्या पंखाच्या पाच फासळ्या उघड्या पाडल्या! आणि वर फिर्मँ म्हणतो काय, "दुशेस वाईट वस्तू कधी तोंडात घालत नाही, मादमोआझेल. माल उत्तम आहे."

मी रडत होते, आठवतं? कारखान्यांत सगळीकडे संप. क्लबात कापड शिवणारी बाई बाळंतपणाला गेलेली. केनेल मंगळवारी बसने कापडाची गुंडाळी आणि रोगणाचे डबे घेऊन आला खरा, पण म्हणाला, "मी इंजिनाचा माणूस, सुई माझ्या बापानेही धरली नाही."

आणि मग तू हात पुसत पुढे आलीस आणि म्हणालीस, "वाकडी सुई आणली आहेस का?"

मावशी, मी दोन दिवस पंखाखाली उताणी पडून तुला सुई परत देत होते. वरून सुई यायची, दोरा यायचा, तुझा हात मात्र दिसायचा नाही. पण ठेका ऐकू यायचा. तू एकदाही थांबली नाहीस, मोजमाप घेतलं नाहीस. एक फासळी शिवून झाली की लगेच वरून पट्टी चिकटवायचीस आणि पुढची. केनेलला फिर्मँने सायडर पाजून गवतात आडवा केला होता, तो उठून आला तेव्हा सगळं संपलेलं. त्याने पंखावर तळहाताने थाप मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "ढोल!" ही त्याची सर्वांत मोठी शाबासकी.

मी गुरुवारी उडाले, तासाभरात घरी पोचले. तू मात्र मला निरोप द्यायला आली नाहीस. दूधघराचं दार बंद होतं. फिर्मँ म्हणाला, डोकं दुखतंय.

कुठे शिकलीस हे? तू लढाईच्या वेळी पॅरिसला शिवणकामाला होतीस एवढंच आई सांगायची. आम्हाला वाटायचं सैनिकांचे सदरे. एवढी मोठी गोष्ट तू कधी बोललीच नाहीस! मी क्लबात सगळ्यांना सांगत सुटले आहे की माझ्या मावशीने माझा पंख शिवला.

कोर्सिका पक्कं. नकाशे आले.

तुझी फार ऋणी
ओदिल

•

मेनिल-तिबेर, २१ जून

ओदिल,

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत टाकलं. हे चौथं.

क्लबात सांगत सुटू नकोस. आधी हे वाच.

सदरे नव्हते. पॅरिसच्या बाहेर विमानांच्या पंखांचा कारखाना होता. चौदा महिने मी तिथे होते. शंभर-सव्वाशे बायका, लांबच लांब टेबलं, रोगणाच्या वासाने दुपारपर्यंत डोकं भणभणायचं. पंखाच्या दोन बाजूंना दोघी, वरची टाका घालते, खालची सुई परत देते. तू पंखाखाली निजलीस तेव्हा मला माझी जोडीदारीण आठवली.

नियम एकच होता. दर टाक्याला गाठ. एक टाका तुटला तर गाठीमुळे बाकीचे जागेवर राहतात. गाठ नसेल तर एक तुटला की पुढचे सगळे सैल, कापड हवेत फुगतं, आणि मग काय होतं ते तू वैमानिक आहेस, तुला माहीत आहे. गाठीवर लगेच पट्टी चिकटते. एकदा ती चिकटली की आत गाठ आहे की नाही हे देवालाच ठाऊक. तपासनीस यायचा, तळहाताने थाप मारायचा, शिक्का मारायचा. तुझ्या केनेलने मारली तशीच थाप.

१९१८ च्या वसंतात मार्सेलला आघाडीवरून एक दिवसाची सुट्टी मिळाली. आमचं लग्न व्हायचं होतं. सात महिन्यांत मी त्याला पाहिलं नव्हतं. त्याची गाडी सहाला यायची होती, आणि हातातला पंख पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही असा दंडक. माझी जोडीदारीण म्हणाली, "एक सोड, एक मार. कोण बघतंय?"

मी एक सोडली, एक मारली. पूर्ण पंखभर. ओदिल, मला सहाची गाडी गाठता आली. मार्सेलने मला स्टेशनवर उचलून घेतलं आणि मी हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पंख गेलेला होता. कुठे गेला, कोणी उडवला, परत आला का, मला कधीच कळलं नाही. विचारणार कोणाला? मी बोलले नाही. मार्सेलला अकरा वर्षांच्या संसारात सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते माझ्याएवढंच त्याचं झालं असतं. पाद्रीबाबांना कबुलीत सांगितलं, पण ते म्हणाले, "मुली, लढाई होती." मला ते नको होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. पेपरात कुठलंही विमान पडल्याची बातमी आली की मी पान उलटते.

म्हणून मी बाप्तिस्म्याला आले नाही. टोपी आहे.

आता तुझ्या पंखाचं. मी सगळ्या गाठी मारल्या आहेत. मी शपथेवर सांगते. पण त्या दिवशीही कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं. तू समुद्रावर जाणार आहेस म्हणून हे लिहावं लागलं. तुला जे करायचं ते कर.

फिलोमेन

•

मेनिल-तिबेर, १२ जुलै

ओदिल,

माझं पत्र मिळालं का? २१ जूनचं. पोस्टाचे लोकही संपावर होते म्हणतात, म्हणून विचारते.

गवत कापून झालं. फिर्मँची कंबर बरी आहे.

फिलोमेन

•

रूआं, १६ जुलै

प्रिय मावशी,

पत्र २३ जूनलाच मिळालं. तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही, कारण मला आधी एक काम करायचं होतं आणि ते करायचं धाडस होत नव्हतं. आता केलं आहे, तेव्हा सरळ सांगते.

मी तुझा पंख उघडला.

पहिले काही दिवस मी तुझ्यावर चिडले होते. तू हे जूनच्या चार तारखेला, मी उडण्याआधी का नाही बोललीस? मग वाटलं, बोलली असतीस तर मी काय केलं असतं? मिठी मारून म्हटलं असतं, "मावशी, वेडी आहेस," आणि उडून गेले असते. आणि तो पंख खरोखर कसा आहे ते दोघींनाही कळलं नसतं.

पुढच्या खुर्चीत ज्युस्तीन बसणार आहे. तिला आई-बाप आहेत, एक लहान भाऊ आहे. मी तिला म्हणू शकत नाही की काळजी करू नकोस, माझी मावशी फार प्रेमळ आहे. प्रेमाने पंख टिकत नाही. म्हणून गेल्या रविवारी केनेलला म्हटलं, डाव्या खालच्या पंखाच्या पट्ट्या काढ. का, ते सांगितलं नाही. तो असा भडकला! "त्या बाईचा अपमान आहे हा! पाच फासळ्या फोडायच्या? ही शिवण नाही, बायबल आहे!" मी म्हटलं, काढ. तो पुटपुटत राहिला, पण काढल्या.

मी स्वतः मोजलं, वरून आणि खालून. पाच फासळ्या, एकाहत्तर टाके. मावशी, तू प्रत्येक टाक्याला एक नाही, दोन गाठी मारल्या आहेस. केनेलने भिंग आणलं. एकही सोडलेली नाही. तो म्हणाला, "हा पंख तुटेल, पण हे कापड सुटणार नाही." मग पुन्हा पट्ट्या चिकटवल्या, पुन्हा रोगण, अख्खा दिवस गेला. मी त्याला जेवू घातलं तेव्हा कुठे तो माझ्याशी बोलायला लागला.

त्या दुसऱ्या पंखाबद्दल मी काय लिहू? "काहीच झालं नसेल" असं लिहायला बसले होते, पण मला ते माहीत नाही आणि तुलाही नाही. तू खोटं लगेच ओळखतेस. कोणी त्यात मेलं असेल. किंवा तो पंख नोव्हेंबरात लढाई संपेपर्यंत कुठल्यातरी गोदामात पडून राहून मोडीत गेला असेल. मी केनेलकडे आडून चौकशी केली, तो म्हणाला त्या वर्षीच्या कागदांत कुठला पंख कोणी शिवला हे कुठेच लिहिलेलं नाही. मला तुला सोडवता येत नाही, मावशी. मला ते फार वाईट वाटतं.

पण तू विचारशील, विश्वास होता तर उघडलंस का? होता. तरी उघडलं. तुला याचा राग आला तर मी समजेन. तू मला पुन्हा चीज पाठवलं नाहीस तरी समजेन.

आम्ही २८ ला निघतो.

तुझीच
ओदिल

•

मेनिल-तिबेर, २० जुलै

माझ्या ओदिल,

तुझं पत्र सकाळी आलं. दूधघरात जाऊन वाचलं आणि तिथेच बसून खूप रडले. फिर्मँ दोनदा दाराशी येऊन खाकरून गेला. तिसऱ्यांदा उंबऱ्यावर काल्वादोस ठेवून गेला. चांगला माणूस आहे, गाणं सोडलं तर.

राग? पोरी, तू न उघडता उडाली असतीस आणि मला गोड पत्र लिहिलं असतंस, तर मला राग आला असता. विश्वास आहे म्हणून लिहिलं असतंस आणि मी २ तारखेला त्या समुद्राच्या विचाराने मेले असते. अठरा वर्षं सगळे मला चांगली बाई म्हणत आले. मार्सेल म्हणायचा, तुझी आई म्हणायची, पाद्रीबाबा म्हणतात. कोणी म्हणजे कोणी पट्टी काढून पाहिली नाही. त्या दिवशी त्या टेबलाशी येऊन कोणी एकाने माझा एक टाका उघडून पाहिला असता, माझ्या कानाखाली दिली असती आणि म्हटलं असतं, "बस, पुन्हा शीव," तर माझी गाडी चुकली असती, एवढंच. मार्सेल थांबला असता. तो थांबणाऱ्यातला होता.

त्या पंखाचं मला कधी कळणार नाही, तू म्हणतेस ते बरोबर आहे. ते ओझं माझं आहे, मी वागवीन. तू सोडवायचा प्रयत्न केला नाहीस याबद्दल तुझे उपकार. सगळे सोडवायलाच बघतात.

पण तुझ्या पंखाचं ओझं तू उतरवलंस. एकाहत्तर. मी मोजले नव्हते. दोन गाठी मारते आहे हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं, हात आपोआप मारत गेले.

केनेलला माझ्याकडून दोन चीज दे आणि सांग, अपमान झालेला नाही.

आता जा. समुद्र ओलांड. हवा नीट बघ, ज्युस्तीनला उडताना हसू देऊ नकोस. २ तारखेला रविवार आहे, सकाळी मी चर्चमध्ये मिसाला जाईन आणि साडेचारला दूध काढेन, रोजच्यासारखी. कुरणात उभी राहून आभाळाकडे बघत बसणार नाही. पोचल्यावर तार मात्र कर, नाहीतर फिर्मँला रात्रभर झोप लागायची नाही.

तुझी मावशी
फिलोमेन